उतारवयात जबडा सुजला तर...

उतारवयात जबडा सुजून ठणकू लागला, की घरातला पहिला उपाय ठरलेला असतो. लवंगेचे तेल, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि औषधाच्या दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी. ठणका थांबतो आणि डॉक्टरकडे जाणे पुढच्या आठवड्यावर ढकलले जाते. घाटकोपरच्या माझ्या दवाखान्यात असे आजी-आजोबा नेहमी येतात. त्यांना मी सांगतो, सूज हा आजार नव्हे, आजाराची खूण आहे. म्हणून आधी कारण शोधायला हवे.

बहुतेक वेळा कारण दातातच सापडते. कीड मुळापर्यंत पोहोचली, की तिथे पू साठतो. हिरड्यांच्या आजारातही तसे होते. "डॉक्टर, मला तर एकही दात नाही," असे काहीजण म्हणतात. पण हिरडीत राहून गेलेले जुने मूळ किंवा घासणारी कवळीही त्रास देऊ शकते. मधुमेह असेल तर असा संसर्ग झपाट्याने पसरतो आणि संसर्गामुळे रक्तातली साखरही वाढते. म्हणून साखर तपासून घ्यावी.

दुसरे कारण लाळग्रंथींचे. जेवायला बसताच जबड्याखाली फुगवटा येतो, दुखते आणि तासा-दोन तासांत ओसरते, असे होत असेल तर लाळेच्या नळीत खडा अडकल्याचा संशय घ्यावा. कानासमोरची ग्रंथी सुजली, की घरचे गालगुंड समजतात. पण वृद्धांत पाणी कमी पडल्याने लाळ आटते आणि ग्रंथीत जंतू शिरतात. रात्री उठावे लागते म्हणून संध्याकाळपासून पाणीच न पिणारे अनेकजण आहेत. त्यांनी हे ध्यानात ठेवावे. मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर डॉक्टरांना विचारूनच वाढवावे.

हाडे ठिसूळ झाल्याबद्दल गोळ्या किंवा इंजेक्शने चालू असतील, तर दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना अवश्य सांगा. यांतील काही औषधांमुळे क्वचित जबड्याची जखम भरत नाही आणि हाड उघडे पडते. रक्त पातळ करण्याची गोळीही सांगावी, पण ती आपल्या मनाने बंद करू नये. मधुमेहींनी आणखी एक लक्षात ठेवावे. २०२१ मध्ये करोनानंतर ज्या काळ्या बुरशीने धास्ती घातली, ती वरच्या जबड्यातही होते. गालावर सूज, बधिरपणा, हलणारे दात किंवा टाळूवर काळा डाग दिसला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता तंबाखूविषयी. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण तंबाखूची चिमूट आणि मिशरी अजून घरोघरी आहे. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही आणि त्यामुळेच फसवतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत कडक गाठ, तोंड कमी उघडणे, यांपैकी काहीही असेल तर तपासणी करावी. तपासणीसाठी तुकडा काढला की रोग पसरतो, ही समजूत खोटी आहे. रोग वाढतो तो उशिरामुळे.

जिभेखाली किंवा हनुवटीखाली सूज पसरली, गिळता येईना, लाळ गळू लागली, आवाज बदलला किंवा धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नये. श्वासमार्ग बंद होऊ शकतो. सूज नसताना जबडा दुखून घाम आणि छातीत दडपण आले, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. तेव्हाही थेट रुग्णालयातच जावे.

एरवी अंधेरी-बोरिवलीकरांना मुंबई सेंट्रलजवळचे नायर दंत रुग्णालय आणि मुलुंड-घाटकोपरकरांना सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय लोकलने सोयीचे. कर्करोगाची शंका असेल तर परळचे टाटा रुग्णालय आहेच. जाताना चालू औषधांची पाकिटे सोबत न्यावीत.

घरी गरम शेक देऊ नये, दुखऱ्या जागी तंबाखू किंवा ॲस्पिरिनची गोळी धरू नये आणि उरलेली अँटिबायोटिक घेऊ नये. मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी दुखण्याची गोळीही विचारूनच घ्यावी. वृद्ध माणसे दुखणे अंगावर काढतात. तेव्हा घरातल्यांनीच आजींचा घास कमी झाला का, आजोबा एकाच बाजूने चावतात का, इकडे लक्ष ठेवावे.