लोड तेवीस, पण यंत्र रिकामं!

कॉम्प्युटरचा लोड वाढला की आपण आधी कोणावर तरी ठपका ठेवतो आणि कारण मागाहून शोधतो. गेल्या जूनमध्ये आमच्या लॅबमध्ये नेमकं हेच झालं.

लॅबच्या लिनक्स सर्व्हरवर ‘अपटाइम’ ही आज्ञा दिली तर शेवटी तीन आकडे दिसले: 22.97, 22.52, 21.48. हे साधारण गेल्या 1, 5 आणि 15 मिनिटांतल्या लोडचे आकडे. पहिला तिसऱ्यापेक्षा मोठा, म्हणजे लोड अजून चढतोय. आमच्या सर्व्हरला कोअर फक्त 4. मग ‘टॉप’ उघडलं. यादीत सगळ्यात वर एका ज्युनियरचा मराठी शब्द मोजणारा प्रोग्रॅम! झालं, "त्याचंच अकाउंट बंद करा," असा निकाल लागला. बिचारा गप्प उभा.

पण त्याच पडद्यावर दुसरी गोष्ट दिसत होती. प्रोसेसर 97 टक्के मोकळा होता, आणि त्या प्रोग्रॅमचा वाटा जेमतेम 3 टक्के. मग तेवीस आले कुठून?

इथे आपल्या कॅन्टीनचं उदाहरण घेऊ. भाजी तयार आहे, काउंटरवरचा मुलगा हात बांधून बसलाय, पण पोदेर आलेला नाही. पावासाठी वीस जण ताटकळत उभे. काउंटर रिकामा, तरी गर्दी आहेच ना? लिनक्सचा लोड ही सगळी गर्दी मोजतो. प्रोसेसरवर काम करणारे आणि त्याच्या रांगेत असलेले तर मोजतोच, शिवाय डिस्कसारख्या गोष्टीसाठी अडून बसलेलेही मोजतो. 1993 साली लिनक्समध्ये हा बदल झाला. फ्रीबीएसडी किंवा सोलारिसवर मात्र लोडमध्ये प्रोसेसर वापरणारे आणि त्याची वाट पाहणारेच धरतात. म्हणून लोड म्हणजे प्रोसेसरचा वापर, असं लिनक्सवर समजायचं नाही.

‘टॉप’ची यादी प्रोसेसरच्या वापराप्रमाणे लागते. त्यामुळे नुसता अडून बसलेला प्रोसेस वर दिसतच नाही. थोडंफार काम करणारा मात्र सगळ्यांच्या नजरेत येतो. शिवाय ज्युनियरचा प्रोग्रॅम एकेरी होता. असा एक प्रोसेस लोडमध्ये फार तर 1 ची भर घालतो, तेवीसची नाही.

मग ‘पीएस’ला प्रत्येक प्रोसेसची अवस्था दाखवायला सांगितलं. ‘आर’ म्हणजे चालू किंवा चालायला तयार, ‘एस’ म्हणजे साधी झोप, आणि ‘डी’ म्हणजे अशी झोप की साध्या ‘किल’नेही मोडत नाही. ‘डी’वाले मोजले. बरोबर तेवीस! आणि सगळ्यांचं नाव एकच: ‘डीएफ’, डिस्कवर किती जागा उरलीय ते सांगणारी साधी आज्ञा.

दर 10 मिनिटांनी आपोआप चालणारी एक छोटी स्क्रिप्ट ‘डीएफ’ चालवत होती. ‘डीएफ’ जोडलेल्या प्रत्येक डिस्कला विचारतो, आणि त्यातली एक डिस्क नेटवर्कवरच्या, एनएफएसने जोडलेल्या पेटीत होती. पेटी उत्तरच देईना. एक ‘डीएफ’ अडकला, 10 मिनिटांनी दुसरा, मग तिसरा... तेवीस होईपर्यंत जवळजवळ चार तास झाले होते. गंमत म्हणजे जागा तपासायला मीही ‘डीएफ’ मारला आणि चोविसावा झालो!

चार तासांपूर्वी काय झालं होतं? विजा कडकडत होत्या, म्हणून कोणीतरी काळजीपोटी त्या पेटीचा प्लग काढला होता. परत लावायचं राहून गेलं. प्लग लावला, पेटी सुरू झाली आणि अडकलेले सगळे ‘डीएफ’ आपापलं काम आटपून निघून गेले. पहिला आकडा झटकन उतरला, पंधरा मिनिटांचा सावकाश. सर्व्हर रीस्टार्टसुद्धा करावा लागला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी हा क्रम ठेवा. आधी लोडची कोअरच्या संख्येशी तुलना करा. मग प्रोसेसर खरंच कामात आहे का ते बघा. तो मोकळा असेल तर ‘डी’वाले शोधा, आणि ते कशासाठी थांबलेत ते विचारा: खराब डिस्क, की गप्प झालेलं नेटवर्क?

ज्युनियरचं अकाउंट वाचलं. आम्ही त्याला सॉरी म्हटलं, आणि चहाही पाजला.