सरकार घरमालक असते तेव्हा

वणीसारख्या गावात मृगापूर्वी घर शाकारायचे ते घरधन्यानेच, याविषयी कोणाचे दुमत नसते. मुंबईच्या बी.डी.डी. चाळींत मात्र हा साधा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षे अनिर्णीत राहिला.

१९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभारल्या. खोली १६० चौरस फुटांची, शौचालये सामाईक, आणि मालक प्रत्यक्ष सरकार. भाडे पुढे इतके नाममात्र राहिले की त्यातून दुरुस्तीचा खर्च निघणे शक्यच नव्हते. भाडे वाढविण्याचे धैर्य राज्यकर्त्यांना नव्हते आणि स्वतःच्या खर्चाने भिंत दुरुस्त करावी, अशी भाडेकरूस प्रेरणा नव्हती. अर्थशास्त्राच्या दृष्टीने याहून वेगळे काही घडले असते तरच नवल!

वास्तविक, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये घर सुस्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. त्याने ते टाळल्यास भाडेकरूंनी नोटीस देऊन दुरुस्ती करावी व मर्यादेत राहून तो खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही तरतूद आहे. तथापि, शासनाच्या व स्थानिक संस्थांच्या मालकीच्या जागा याच अधिनियमातून वगळल्या आहेत. खासगी मालकाकडून ज्या कर्तव्याची सक्तीने अपेक्षा करावयाची, त्यातून सरकारने स्वतःला मात्र मोकळे ठेवावे, हे न्यायाचे नव्हे. भाडेकरूस बाहेर काढण्यासाठी १९५५ चा निष्कासनाचा कायदा सरकारच्या हाती आहेच.

ब्रिटनचा अनुभव येथे बोधप्रद ठरावा. १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने तेथील नगरपालिकांच्या भाडेकरूंना घरे सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. इमारतीतील सदनिका घेणारा मात्र दीर्घ मुदतीचा पट्टेदारच झाला. छप्पर, जिने, उद्वाहन पालिकेच्या ताब्यात, खर्चाचा वाटा पट्टेदाराच्या माथी. घर स्वस्तात पदरी पडले, पण दुरुस्तीची देयके हजारो पौंडांची येऊ लागली. म्हणून अडीचशे पौंडांहून अधिक बोजा पडणार असेल, तर पट्टेदारांशी आधी विचारविनिमय करण्याचे बंधन तेथील कायद्याने मालकावर घातले आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या, मालकी हक्काच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आनंद रास्तच आहे. परंतु चाळीत जिना चढण्यास पैसे पडत नव्हते. उंच इमारतीत उद्वाहन, पाण्याचे पंप आणि अग्निशमन यंत्रणा ही नित्याच्या खर्चाची बाब आहे. गिरणी कामगाराच्या किंवा पोलीस शिपायाच्या निवृत्त कुटुंबाला हा भार पेलला नाही, तर घर विकून उपनगराबाहेर जाण्यावाचून त्यास गत्यंतर उरणार नाही. देखभालीचा अंदाज रहिवाशांपुढे आताच मांडावा, आणि रहिवाशांनीही थोडी का होईना, दरमहा वर्गणी पहिल्या महिन्यापासून बाजूला काढावी. उद्वाहन बंद पडल्यावर सभा बोलावून भागणार नाही.