कॅटालिनाचं नवं किट येणार असेल तर…

मंडळी, दुसऱ्या महायुद्धातल्या कॅटालिना विमानाचं नवं मॉडेल किट कुणी काढणार असेल, तर माझी एकच मागणी: चाकं नकोत! बाजारात बहुतेक वेळा दिसते ती पीबीवाय-५ए, म्हणजे जमिनीवरही उतरणारी. आपल्याकडच्या समुद्रावर गाजली ती निव्वळ पाण्यावरची.

४ एप्रिल १९४२. लंकेतल्या कोग्गलाहून निघालेल्या कॅटालिनाच्या कॅनडियन वैमानिकाला, लिओनार्ड बर्चेलला, बेटाच्या दक्षिणेला जपानी आरमार दिसलं. झीरो विमानांनी त्याला पाडलं, पण तोवर बिनतारी संदेश गेला होता. दुसऱ्याच दिवशी कोलंबोवर हल्ला झाला. विमानातल्या नऊपैकी सहाजण वाचले आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले. मद्रासजवळच्या रेड हिल्स तलावावरही ब्रिटिश कॅटालिनांचा तळ होता. आपलं बिलोली गाव तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि हैदराबादचं नाव मिरवणारी १५२ स्क्वाड्रन स्पिटफायर उडवायची. स्पिटफायरचं किट मात्र सहज मिळतं!

खऱ्या कॅटालिनाचे पंख ३१.७ मीटर. १/७२ मापात ४४ सेंटिमीटर, १/४८ मध्ये ६६. शोकेस मोजून ठेवा. पंखांच्या टोकाचे तरंगे वर वळले की तेच पंखाचं टोक होतात. तो सांधा नीट बसला पाहिजे, नाहीतर पुट्टी घासत बसा. मागचे फुगीर काचघुमट पातळ, स्वच्छ हवेत. स्टिकरमध्ये आग्नेय आशियातल्या ब्रिटिश विमानांवरची लाल ठिपका नसलेली वर्तुळं द्या. जपानी सूर्याशी गल्लत नको म्हणून तो काढला होता.

आणि हो, पार्सल वैशाखाआधी येऊ द्या. इथल्या उन्हात ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या तोंडाशीच वाळतो.