मेंदीला एक रात्र द्या

श्रावण आला, नागपंचमी जवळ आली, की घरोघरी मेंदीचे कोन येतात. लग्नघरी तर मेंदीसाठी वेगळा दिवसच राखलेला असतो. पूर्वी पाला खुडून पाट्यावर वाटला जायचा. आता तेवढा वेळ कुणाला नाही. म्हणून मग 'दहा मिनिटांत काळाभोर रंग' देणारे कोन बाजारात मिळतात. पण मंडळी, खरी मेंदी इतक्या घाईत रंगत नाही आणि ती काळीभोरही नसते.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. पूड लिंबाच्या रसात भिजवली की ते हळूहळू सुटं होतं आणि त्वचेच्या वरच्या थरातल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतं. मेंदी काढल्यावर हात आधी नारिंगी दिसतो. पुढच्या एक-दोन दिवसांत हवेतल्या प्राणवायूमुळे तो गडद तांबूस-तपकिरी होतो. तळहात आणि तळपायांवर हा थर जाड, म्हणून तिथे रंग चढतो; मनगटाच्या वर तो फिकाच राहतो. तेव्हा सासूचं प्रेम कमी पडलं म्हणून खट्टू होऊ नका!

घरी मेंदी करायची तर ताजी, वस्त्रगाळ पूड घ्या. तीत लिंबाचा रस आणि थोडी साखर घालून सहा ते बारा तास झाकून ठेवा. हात साबणानं धुऊन कोरडे करा, तेल किंवा क्रीम लावू नका. नक्षी सुकू लागली की लिंबू-साखरेच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा हलकेच टेकवा, म्हणजे पोपडे गळत नाहीत. मेंदी सहा-आठ तास, जमल्यास रात्रभर ठेवा. ती पाण्यानं धुऊ नका. खरवडून काढा आणि खोबरेल तेल लावा. पहिला दिवस पाण्यात हात शक्यतो घालू नका. रंग खुलायला वेळ लागतो, म्हणून लग्नासाठी मेंदी दोन दिवस आधी काढावी.

आता त्या 'काळ्या मेंदी'विषयी. तिच्यात बहुधा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलिनडायमिन, हे रसायन असतं. केसांच्या कलपात ते मर्यादित प्रमाणात वापरतात. कातडीवर नक्षी काढण्यासाठी ते नाही. त्यानं खाज सुटते, पाण्याचे फोड येतात, कधी नक्षीच्याच आकाराचा व्रण राहतो. शिवाय एकदा वावडं जडलं की ते बहुधा जन्मभर राहतं. पुढे कधी साधा कलप लावला, तरी चेहरा सुजू शकतो.

मग ओळखायचं कसं? खऱ्या मेंदीचा लगदा हिरवट-तपकिरी असतो, त्याला वाळल्या पाल्याचा वास येतो. भिजवलेल्या मेंदीची रंगण्याची ताकद दोन-चार दिवसांतच ओसरते. त्यामुळे दुकानाच्या फळीवर महिनोन् महिने टिकणारा, घटकाभरात काळा डाग देणारा कोन दिसला, तर त्यात काय घातलंय ते विचारा. नीट उत्तर मिळालं नाही, तर तो घेऊ नका. तान्ह्या बाळांना मेंदी लावूच नये. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी अस्सल मेंदीनंही फुटू शकतात.

लावल्यावर आग होऊ लागली, तर रंगाचा मोह सोडून मेंदी लगेच धुऊन टाका आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. चांगला रंग दोन-तीन आठवडे टिकतो. त्यासाठी एक रात्र थांबणं काही फार नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)