वस्त्रालंकारांचे वाचन

बंगळूर शहराच्या जुन्या भागातील पेठांना धंद्यांची नावे आहेत. अरळेपेठ कापसाची, कुंभारपेठ कुंभारांची, गाणिगरपेठ तेल्यांची. त्यांच्याच शेजारी, रेशमी वस्त्रांच्या दुकानांनी दुतर्फा भरलेली चिकपेठ आहे. केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास वसविलेले हे नगर १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीने जिंकले आणि पुढे शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. मराठी माणसाचा या शहराशी असलेला संबंध इतका जुना आहे. चिकपेठेतील एखाद्या दुकानात बैठकीवर बसलेल्या गिऱ्हाइकापुढे म्हैसूरचे मऊ रेशीम, मोळकाल्मूरूचे बुट्टीदार पातळ, कांचीपुरमची जड साडी, इरकली लुगडे आणि आपली पैठणी ही सारी एकावर एक उलगडली जातात. पाहणारा प्रत्येक वस्त्राला ‘सुंदर’ म्हणतो आणि पुढच्याकडे वळतो.

‘सुंदर’ हा शब्द खोटा नसतो. पण तो अपुरा असतो. गाणे कानाला गोड लागणे वेगळे आणि त्यातील राग, ताल, बंदिश ओळखून ते ऐकणे वेगळे. वस्त्रांचे आणि अलंकारांचेही तसेच आहे. स्वदेशातील असोत वा परदेशातील, त्यांचे खरे रसग्रहण करावयाचे तर त्यांना काही प्रश्न विचारावे लागतात. हे कसे घडले? ते कसे ल्यावयाचे? ते लेणाऱ्याविषयी काय सांगते? ते कोठून आले? आणि अखेरीस, ते घडविणाऱ्याचे पोट त्यावर भरते काय?

पहिला प्रश्न घडणीचा. महाराष्ट्रात घरोघर परिचित असलेले इरकल हे कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावचे. या लुगड्याचे वैशिष्ट्य त्याच्या रंगापेक्षा त्याच्या ताण्यात आहे. बहुतेक साड्यांत अंगाचा ताणाच सरळ पदरापर्यंत जातो. इरकलीत तसे नसते. अंगाचा ताणा निराळा, बहुधा सुताचा. पदराचा ताणा निराळा, रेशमाचा किंवा कृत्रिम रेशमाचा. आणि काठाचाही निराळा. अंगाचा ताणा जेथे संपतो तेथे त्याच्या प्रत्येक धाग्याचा फास पदराच्या ताण्याच्या फासात अडकविला जातो आणि मग पुढचे विणकाम होते. म्हणून अशा प्रत्येक लुगड्यासाठी ताणा नव्याने मांडावा लागतो. पदरावर लालाचे तीन पट्टे आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्याचे दोन पट्टे येतात. त्यांत कंगव्याचे दाते, किल्ल्याचा तट, डोंगरांची रांग अशा आकृती असतात. हे ज्याला ठाऊक आहे तो इरकल हातात घेताच पदराचा सांधा पाहतो. अंगाचे धागे तसेच अखंड पदरात गेलेले असतील, तर लाल रंग कितीही खुलला असला तरी ते जुन्या रीतीचे इरकल नव्हे, हे त्याला कळते.

याच भागातील गुळेदगुड्ड गावी चोळीचे खण विणले जातात. ज्या खणानारळाने मराठी सुवासिनीची ओटी भरली जाते, त्यांतील कितीतरी खण या गावच्या मागावरून आलेले असतात. धारवाडकडील कशिदाकाम, ज्याला कसुती म्हणतात, तेही असेच पारखावे लागते. वस्त्रावर आधी रेघ न आखता, केवळ धागे मोजून, त्यावर तुळशीवृंदावन, गोपूर, रथ, पालखी, मोर उमटविले जातात. त्यातील ‘गवंती’ नावाचा टाका असा की वस्त्र उलटे केले तरी आकृती सुलटीसारखीच दिसावी. काळ्या चंद्रकळेवर असे काम करण्याची तिकडे रीत आहे, आणि संक्रांतीच्या चंद्रकळेशी परिचित असलेल्या मराठी मनाला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न लेण्याचा. न शिवलेले वस्त्र दुकानात अपुरे असते. अंगावर आल्यावर ते पूर्ण होते. नऊवारीचा काष्टा घालणारी स्त्री शेतात वाकू शकते, डोंगर चढू शकते, झिम्मा खेळू शकते. त्या नेसण्यामागे श्रमाचा विचार आहे. बंगळूरच्या पश्चिमेस असलेल्या कोडगू प्रदेशातील स्त्रिया निऱ्या पुढे न खोचता पाठीमागे खोचतात आणि पदर बगलेखालून घेऊन उजव्या खांद्यावर बांधतात. याविषयी तिकडे कथा सांगतात ती अशी : कावेरी अगस्त्यांना सोडून नदीरूपाने वाहू लागली, तेव्हा लोक तिला अडवावयास उभे राहिले आणि त्या प्रवाहाच्या जोराने स्त्रियांच्या निऱ्या मागे गेल्या. कथा इतिहास म्हणून घ्यावयाची नाही. परंतु ज्या समाजाने कावेरीला कुलमाता मानले त्याने आपल्या नेसण्यातही तिची आठवण ठेवली, हे त्यातून कळते. जपानी किमोनोचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. त्याची डावी बाजू नेहमी उजवीवर येते. उजवी बाजू डावीवर घेतली जाते ती फक्त मृताच्या अंगावर. हे न जाणणारा परदेशी प्रवासी हौसेने किमोनो पांघरतो आणि नकळत अमंगल वेष करून बसतो.

येथूनच तिसरा प्रश्न निघतो, तो अर्थाचा. अलंकार हा बोलका असतो. मराठी मंगळसूत्राच्या दोन वाट्या, काळे मणी, पायातील चांदीची जोडवी ही लेणारीची वैवाहिक स्थिती सांगतात. कोडगू स्त्रीच्या गळ्यातील ‘पथक’ हेच काम निराळ्या रूपाने करते. त्यात मध्यभागी सोन्याचे नाणे असून वर नागाची फणा असते. लंबाणी म्हणजे आपल्याकडील बंजारा समाजाच्या स्त्रियांचे आरसे, कवड्या आणि नाणी जडविलेले कपडे पाहिले की, बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ वाहून नेणाऱ्या भटक्या जीवनाची कल्पना येते. ज्यांना घर नव्हते, त्यांनी आपली संपत्ती आणि आपली कला दोन्ही अंगावर वागविली. एकेकाळी घोरपड्यांचे संस्थान असलेल्या संडूरच्या परिसरात या समाजाचे भरतकाम आजही जिवंत आहे. जपानात अविवाहित तरुणीच्या किमोनोची बाही लांब लोंबती असते. ग्वाटेमालातील माया स्त्रीच्या ‘विपील’ नावाच्या अंगरख्यावरील विणीवरून ती कोणत्या गावची हे जाणकार सांगू शकतो. लिपी निरनिराळ्या आहेत. वाचणाऱ्याने मात्र अक्षरओळख करून घेतली पाहिजे.

चौथा प्रश्न उगमाचा, आणि येथे मात्र पुष्कळ समजुतींना धक्का बसतो. पारंपरिक म्हणजे अनादि, शुद्ध आणि अचल असे आपण गृहीत धरतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी नथेच्या प्राचीनतेचा शोध घेतला. ज्या नथेवाचून मराठी वधूची कल्पनाही करवत नाही, तो नाकातील अलंकार प्राचीन भारतीय शिल्पांत आढळत नाही. सर्वांगी दागिन्यांनी मढलेल्या यक्षिणींची नाके मोकळीच आहेत. मग नथ परकी ठरते काय? मुळीच नाही. कित्येक पिढ्यांच्या मराठी स्त्रियांनी मोत्यांची ती घडण आपलीशी केली, हाच तिचा अधिकार. पुतळ्यांच्या माळेतील ‘पुतळी’ हे नाव व्हेनिसच्या ज्या सोन्याच्या नाण्याला आपल्याकडे मिळाले, ते नाणे समुद्रमार्गे व्यापाऱ्यांबरोबर आले आणि मराठी गळ्यात रुळले.

वस्त्रांची कथा याहून वेगळी नाही. म्हैसूर रेशीम हे कर्नाटकाचे भूषण मानले जाते; त्याचा कारखाना चौथे कृष्णराज वोडेयार यांच्या कारकीर्दीत १९१२ मध्ये सुरू झाला आणि त्यासाठी यंत्रमाग स्वित्झर्लंडहून आणविण्यात आले. यंत्रावर विणलेले हे वस्त्र शंभर वर्षांत परंपरा होऊन बसले. दक्षिण भारतातील चौकटीच्या सुती कापडाचा प्रवास तर विस्मयकारक आहे. मद्रासकडून युरोपीय व्यापाऱ्यांनी नेलेले हे कापड पश्चिम आफ्रिकेत पोहोचले. नायजेरियातील कालाबारी लोक त्याला ‘इंजिरी’ म्हणतात. त्यातील निवडक धागे कापून काढून ते त्यावर नवी आकृती निर्माण करतात, आणि ते वस्त्र त्यांच्या विधींत मानाचे मानले जाते. जावा बेटावरील मेण लावून रंगविलेल्या बाटिक कापडाची यंत्राने नक्कल करण्याचा प्रयत्न हॉलंडमधील कारखानदारांनी एकोणिसाव्या शतकात केला. त्या मालाला खरी बाजारपेठ मिळाली ती आफ्रिकेत, आणि आज जग त्या छापील कापडाला आफ्रिकी वस्त्र म्हणून ओळखते. स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील वेष ब्रिटिश संसदेने १७४६ मध्ये कायद्याने बंद केला आणि १७८२ मध्ये ती बंदी उठविली. बंदीच्या काळाने त्या वेषाला जे तेज दिले ते कदाचित त्याला आधी नव्हते. परंपरा ही साठविलेल्या पाण्याचे तळे नसून वाहती नदी आहे, हे या सर्वांवरून ध्यानात येते.

असे असेल, तर जुन्याची नक्कल करण्यास आणि ती खरी म्हणून विकण्यास तरी हरकत का असावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर पाचव्या प्रश्नात आहे. कालाबारींनी परक्या कापडात आपले श्रम आणि आपली कल्पना घातली. म्हैसूरच्या कारखान्याने आपले रेशीम हातमागाचे आहे असे कधी सांगितले नाही. परंतु हाताने मांडलेल्या ताण्याच्या इरकलीची वरवरची छाया यंत्रावर काढून ती त्याच नावाने विकली जाते, तेव्हा नाव एकाचे आणि नफा दुसऱ्याचा असा प्रकार होतो. भारतात १९९९ मध्ये झालेल्या भौगोलिक उपदर्शनाच्या कायद्याने इळकलच्या साडीला, म्हैसूर रेशमाला, कसुतीला आणि पैठणीलाही नावाचे संरक्षण मिळाले आहे. पण कायदा दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाजवळ उभा राहू शकत नाही. तेथे गिऱ्हाइकाची दृष्टीच कामास येते. २०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार देशात सुमारे पस्तीस लाख माणसे या व्यवसायात आहेत आणि त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी आहे. जाणत्या गिऱ्हाइकाचा एक प्रश्न या माणसांपैकी कोणाच्या तरी चुलीपर्यंत पोहोचतो.

मंगळूरात जन्मलेल्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी हे मर्म फार लवकर ओळखले होते. स्वातंत्र्यानंतर अखिल भारतीय हस्तकला मंडळाची धुरा वाहताना, कारागिराला दया नको, काम हवे, या दृष्टीनेच त्यांनी मांडणी केली. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक हस्तकला परिषदेच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. बंगळूरमध्ये चिमी नंजप्पा आणि त्यांची कन्या पवित्रा मुद्दय्या यांनी १९७४ मध्ये सुरू केलेल्या ‘विमोर’ या संस्थेने जुन्या साड्यांचे नमुने पाहून ते विणकरांकडून पुन्हा विणवून घेण्याचे काम केले. जुने वस्त्र काचेआड ठेवून दिले की ते टिकते. त्याचा नमुना पुन्हा मागावर चढला की ते जगते.

अलंकारांच्या बाबतीत धोका अधिक आहे. फाटके लुगडे निदान गोधडीत उरते. जुना दागिना मात्र मुशीत जातो. आजीची वज्रटीक किंवा तन्मणी मोडून नव्या घडणीचा हार करताना सोन्याचे वजन काट्यावर चोख उतरते, पण घडणीचे ज्ञान मात्र धुरात जाते. सोनार ती घट वजनातून वजा करीत नाही, कारण तिचा भाव कोणत्याच पेठेत लिहिलेला नसतो. ज्या घरात असा दागिना असेल त्यांनी तो मोडण्यापूर्वी त्याचे नाव, तो कोणी कोणास केव्हा घातला ही हकीकत आणि त्याचे एक छायाचित्र एवढे जरी जपले, तरी पुढच्या कारागिराला तो पुन्हा घडविण्याची वाट उरते.

परक्या देशाचा वेष अंगावर घालू नये असे यातून निघत नाही. तो जरूर घालावा. पण ज्यांचा तो वेष आहे त्यांना त्याची रीत विचारून, तो कोणत्या प्रसंगाचा व कोणाच्या मानाचा आहे हे समजून, आणि घडविणाऱ्याला त्याचे मोल देऊन. पाहुण्याने यजमानाच्या घरी ज्या मर्यादेने वावरावे, तीच मर्यादा येथेही पुरेशी आहे. आणि दुसऱ्यांच्या वस्त्रालंकारांकडे असे आदराने पाहण्याची सवय लागली, म्हणजे आपल्याच फडताळात घडी करून ठेवलेल्या इरकलीचा सांधाही एक दिवस बोटांना जाणवू लागतो.