दुःखात पाठीशी कोण?

माणूस गेला की पहिले चार दिवस घर माणसांनी भरलेले असते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि मग घर खायला उठते.

आमचा धाकटा भाऊ कंपनीत नोकरीला असतानाच गेला. लहानपणी एका ताटात जेवलेले आम्ही दोघे. पेशाने आम्ही कारकून. वस्तीतल्या कितीतरी जणांचे अर्ज आम्ही भरून दिले. पण भावाच्या नावापुढे 'मयत' लिहायची वेळ आली तेव्हा हात चालेना. शेवटी शेजारचे काका चष्मा लावून बसले. आम्ही सांगत गेलो, ते लिहीत गेले. काकूंनी महिनाभर पोरांचे डबे करून दिले.

१९२६ साली धाकटा मुलगा राजरत्न गेला, तेव्हा खुद्द बाबासाहेबांनीही मित्र दत्तोबा पवारांना पत्र लिहून मन मोकळे केले होते. मग आपणच दुःख गिळून का बसावे?

बंधू-भगिनींनो, सांत्वनाला जाल तेव्हा कागदपत्रांचीही चौकशी करा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली का? भविष्य निर्वाह निधीचा सभासद नोकरीत असताना वारला, तर निधीच्या रकमेखेरीज विधवा पत्नीला व मुलांना पेन्शन असते, १९७६ च्या योजनेतला विमाही असतो. पुष्कळांना हे ठाऊकच नसते.

गेलेला माणूस परत येत नाही. पण सतरंज्या गुंडाळल्यावर, पंधरा दिवसांनी, त्या घरी पुन्हा एकदा जाऊन या. खरी गरज तेव्हाच असते.