कचेरींतील बैठक आणि तिच्या बाहेरचीं माणसें

आपल्या पांढरपेशा घरांचें सरकारी नोकरीशीं नातें फार जुनें आहे. कोणी कलेक्टर-कचेरींत, कोणी टपालखात्यांत, कोणी रेल्वेंत. आणि गेल्या दोन-तीन पिढ्यांत लेकीसुनाही त्याच वाटेनें गेल्या. रात्रीं सारी मंडळी पानांवर बसली म्हणजे बढती कोणाला मिळाली, बदली कोठें झाली, साहेब काय म्हणाले याची चर्चा पुष्कळ होते. परंतु ज्या कचेरींत माणूस आपल्या आयुष्याचीं तीस-पस्तीस वर्षें घालवितो, तेथील कारभारांत त्याला कोणी कांहीं विचारतें काय, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो.

असें विचारण्याची रीतसर पद्धत इंग्लंडांत पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस बांधली गेली. 1916 सालीं मालक व मजूर यांचे संबंध कसे सुधारावे याचा विचार करण्यासाठीं एक समिति नेमण्यांत आली. तिचे अध्यक्ष पार्लमेंटचे सभासद जे. एच्. व्हिटले हे होते. प्रत्येक धंद्यांत दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींचें एक संयुक्त मंडळ असावें, अशी शिफारस तिनें 1917 सालीं केली. सरकारनें ती कारखानदारांपुढें मोठ्या उत्साहानें मांडली. तेव्हां सरकारचेच कारकून पुढें आले आणि विचारते झाले कीं, हा उपदेश उपदेशकर्त्याला लागू नाहीं काय ? दुसऱ्यांच्या घरीं जाऊन पंक्तिभेद करूं नका म्हणून सांगणाऱ्या गृहस्थाला घरच्या माणसांनीं आपलें पान दाखवावें, तसाच हा प्रकार झाला. अखेर 1919 सालीं मुलकी नोकरांसाठीं राष्ट्रीय व्हिटले मंडळ स्थापन झालें. सरकारपक्षाचे 27 व नोकरपक्षाचे 27 असे त्याचे 54 सभासद. तेथें हात वर करून मतें मोजावयाचीं नव्हतीं; उभयपक्षीं एकमत होईल तोच निर्णय. कामाची कार्यक्षमता आणि काम करणाऱ्यांचें स्वास्थ्य हीं दोन्ही साधावीं, असें मंडळाच्या घटनेंतच लिहिलेलें होतें. आज ‘कर्मचाऱ्यांचें कल्याण’ हा शब्द नवा म्हणून मिरविला जातो. तो त्या कागदावर शंभर वर्षांपूर्वींच उमटला होता.

हेच व्हिटले पुढें 1929 सालीं हिंदुस्थानांतील मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचे अध्यक्ष होऊन इकडे आले. त्या कमिशनांत आपले नारायण मल्हार जोशी हे एक सभासद होते. भारत सेवक समाजाचे हे कार्यकर्ते कुलाबा जिल्ह्यांतील गोरेगांवचे.

व्हिटले मंडळाची बांधणी अशी चोख असतांही एक गोष्ट राहून गेली. दोन पक्ष समसमान बसले खरे. परंतु ‘नोकरपक्ष’ म्हणजे कोण? युद्धकाळांत इंग्लंडच्या सरकारी कचेऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येनें आल्या होत्या. त्यांना पगार पुरुषांहून कमी, आणि लग्न झालें कीं नोकरी सोडलीच पाहिजे असा नियम. जातांना नोकरीच्या वर्षांप्रमाणें थोडी रक्कम हातावर ठेवीत. तिला तेथें थट्टेनें ‘हुंडा’ म्हणत. आपल्याकडे हुंडा देऊन मुलगी सासरीं पाठवीत. तेथें सरकार हुंडा देऊन तिला कचेरीबाहेर पाठवी! ह्या नियमाचा प्रश्न मंडळाच्या समितीपुढें 1946 सालीं आला, तेव्हां तिनें दोन्ही बाजूंचे मुद्दे मांडले आणि शिफारस कोणतीच केली नाहीं. कारण खुद्द नोकरपक्षांतच एकमत नव्हतें. टपालनोकरांच्या संघाला तर हा नियम राहावा असें वाटत होतें. अखेर त्याच वर्षीं सरकारनें तो आपण होऊन काढून टाकिला. परराष्ट्रखात्यांत मात्र तो 1973 पर्यंत टिकला. मंडळाविषयीं अन्याय होऊं नये म्हणून हेंही सांगितलें पाहिजे कीं, समान वेतनाचा करार 1955 सालीं त्याच मेजावर झाला, आणि हप्त्याहप्त्यानें 1961 च्या जानेवारींत तो पुरा अमलांत आला.

आपल्या देशांत ही पद्धत संपाच्या पाठोपाठ आली. 1960 च्या जुलैंत केंद्र सरकारच्या नोकरांनीं पांच दिवस संप केला. सरकारनें वटहुकूम काढून तो मोडला. पण मोडलेल्या संपाचें कारण मोडत नाहीं. 1966 सालीं व्हिटले मंडळाच्याच धर्तीवर संयुक्त सल्लामसलत यंत्रणा सुरू झाली. तिच्या राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष कॅबिनेट सेक्रेटरी असतात. आणि पगार व भत्ते, आठवड्याचे कामाचे तास व रजा ह्या बाबतींत मतभेद मिटला नाहीं तर तो लवादाकडे जाऊं शकतो. ही तरतूद मला ह्या योजनेंतील सर्वांत मोलाची वाटते.

मात्र पहिल्या वर्गाचे अधिकारी ह्या यंत्रणेच्या बाहेर ठेविलेले आहेत. त्यांना कशाची वाण, अशी समजूत. सी. बी. मुथम्मा ह्या परराष्ट्रसेवेंत 1949 सालीं दाखल झालेल्या पहिल्या स्त्री. लग्न केल्यास राजीनामा देईन, असें त्यांच्याकडून लिहून घेतलें होतें. लग्नाआधीं सरकारची लेखी परवानगी घ्यावी, हें बंधन नियमांतही फक्त स्त्रियांनाच होतें. बढती डावलली गेल्यावर त्यांना सुप्रीम कोर्टाचें दार ठोठवावें लागलें. खटला चालूं असतांच सरकारनें बढती दिली, म्हणून 1979 सालीं अर्ज निकालांत निघाला. पण न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं त्या नियमांतील पक्षपात स्पष्ट शब्दांत दाखवून सगळेच सेवानियम तपासण्यास सरकारला बजाविलें. तीस वर्षें मनांत राहिलेलें गाऱ्हाणें न्यायालयांत सांगावें लागलें, कारण तें ऐकणारी बैठकच नव्हती.

2013 च्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यानें ही चूक टाळली आहे. दहा किंवा अधिक माणसें जेथें काम करतात तेथें तक्रार-समिति हवी, तिची अध्यक्षा स्त्रीच हवी, आणि निदान निम्मे सभासद स्त्रिया हव्या, असें त्यांत लिहिलेलेंच आहे. कोणी बसावें हें संख्याबळावर सोडलेलें नाहीं.

माझ्या माहितींतल्या एका कचेरींत कर्मचाऱ्यांची मासिक बैठक सायंकाळीं साडेपांचनंतर भरत असे. स्त्रिया सहसा थांबत नसत. त्यांना गाडी गांठावयाची असे, घरीं मुलें वाट पाहात असत. बायकांना ह्या गोष्टींची आवड नाहीं, असा चिटणीसांचा अगदीं प्रामाणिक समज होता. पुढें एका नव्या अधिकाऱ्यांनीं बैठक दुपारीं तीन वाजतां, कामाच्या वेळांत ठेविली. त्या दिवशीं खुर्च्या कमी पडल्या, आणि पहिला प्रश्न निघाला तो पगाराचा नव्हता. दुसऱ्या मजल्यावर स्त्रियांसाठीं संडासच नाहीं, हा होता. चिटणीस गोंधळून म्हणाले, “इतकीं वर्षें कोणी बोललें कसें नाहीं ?” त्याला कोणीं उत्तर दिलें नाहीं. ठराव लिहून घेण्यांत आला, आणि पुढच्या महिन्याची बैठकही तीन वाजतांच ठरली.